कँटरबरीची झिजलेली पायरी

इंग्लंडला मुलाकडे आलेल्या आई-वडिलांना काय दाखवायचं, हा इथल्या मराठी घरांतला दर उन्हाळ्याचा प्रश्न. लंडनचा राजवाडा वगैरे बघून झाला, की मी पाहुण्यांना कँटरबरीच्या कॅथेड्रलला नेतो. तिथल्या दगडी पायऱ्या यात्रेकरूंच्या येण्याजाण्याने खोलगट झाल्या आहेत. ही सगळी माणसं ज्याच्यासाठी येत, त्या थॉमस बेकेटची गोष्ट मग ओघाने सांगावीच लागते. ती संताची आहे, पण त्याआधी दोन मित्रांची आहे.

थॉमस ११२० च्या सुमारास लंडनच्या चीपसाइड भागात एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. आर्चबिशप थिओबाल्ड यांच्या पदरी तो कामाला लागला आणि हुशारीच्या जोरावर वर चढला. ११५५ मध्ये तरुण राजा दुसरा हेन्री याने त्याला चान्सलर केलं. दोघांची गट्टी जमली. शिकार बरोबर, जेवण बरोबर. थॉमसचा थाटही राजाला शोभेल असा.

११६२ मध्ये राजाने त्यालाच कँटरबरीचा आर्चबिशप केलं. हिशेब सोपा होता: आपला माणूस गादीवर बसला, की चर्च मुठीत. झालं उलटंच. थॉमसने चान्सलरपद सोडलं आणि तो चर्चच्या बाजूने उभा राहिला. भांडणाचं मूळ होतं, गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूंना शिक्षा कोणी द्यायची. चर्चच्या कोर्टात देहदंड नव्हता, म्हणून राजाला ते आपल्या हाती हवे होते. आजच्या नजरेने मला राजाचंही म्हणणं अगदीच चूक वाटत नाही. पण थॉमस हटला नाही. ११६४ मध्ये क्लॅरेंडनला त्याने आधी मान डोलावली, मग माघार घेतली आणि त्याच वर्षी तो फ्रान्सला निघून गेला. राजाने त्याच्या नातेवाइकांनाही देशाबाहेर घालवलं. गावापासून लांब राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट जरा जास्तच लागते.

सहा वर्षांनी, डिसेंबर ११७० मध्ये तो परत आला. पण आपल्या माघारी युवराजाचा राज्याभिषेक करणाऱ्या बिशपांवर त्याने केलेली कारवाई त्याने मागे घेतली नाही. नॉर्मंडीत असलेला राजा हे ऐकून भर दरबारात संतापला. तो राग म्हणजेच हुकूम असं समजून चार सरदार समुद्र ओलांडून आले आणि २९ डिसेंबरला त्यांनी थॉमसला कॅथेड्रलमध्येच तलवारीने मारलं. अंगावरचे कपडे उतरवले, तेव्हा आत टोचणारं केसाळ वस्त्र निघालं. थाटामाटात राहिलेला माणूस आत असं काही घालत असेल, हे मठातल्यांच्याही ध्यानीमनी नव्हतं.

११७३ मध्ये पोपने त्याला संत ठरवलं. पुढच्या वर्षी राजा स्वतः अनवाणी चालत समाधीपाशी आला आणि त्याने मठवासीयांच्या हातून पाठीवर फटके घेतले. मित्राला मारून मिळवलेलं काहीच त्याच्या कामी आलं नव्हतं.

मग यात्रा वाढतच गेली. आपण काशीहून गडूत गंगा आणतो, तसे लोक इथून शिशाच्या चिमुकल्या कुप्यांतून तीर्थ नेत. चॉसरच्या प्रसिद्ध काव्यातले यात्रेकरूही लंडनजवळच्या सदर्कहून इथेच निघालेले. १२२० मध्ये अस्थी रत्नजडित समाधीत ठेवल्या गेल्या. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीने ती समाधी फोडून संपत्ती खजिन्यात नेली आणि थॉमसचं नाव पुस्तकांतून खोडायला लावलं.

आज त्या जागी मोकळी फरशी आहे आणि एक मेणबत्ती तेवत असते. लंडनच्या सेंट पँक्रसहून जलद गाडीने साधारण तासाभराचा रस्ता. आई-बाबा आले, तर त्यांना जरूर न्या. पायऱ्या चढताना मात्र त्यांचा हात धरा, दगड गुळगुळीत झालेत.