टाकळीच्या दगडातली गोगलगाय

वाघोलीच्या दगडखाणींजवळून जाताना मुले मला नेहमी एक गोष्ट दाखवतात. खाणीच्या उभ्या भिंतीत एकावर एक थर दिसतात. पाठ्यपुस्तकात थरांचा खडक म्हणजे गाळाचा खडक असे वाचलेले असते, म्हणून हाही गाळाचाच असे ती ठरवून टाकतात. पण हे थर लाव्हाचे. एक लोंढा आला, थिजला, त्यावर काही काळाने दुसरा आला. आपला सगळा काळा फत्तर असा अग्नीतून जन्मलेला आहे. त्याच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या निळ्याशार कॅव्हन्साइटच्या स्फटिकांनी वाघोलीचे नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांच्या तोंडी नेले, हे गावातल्या पुष्कळांना ठाऊकही नसते. मात्र गाळाचा खडक पाहायचा असेल, तर वाघोलीकराने सरळ विदर्भाची गाडी पकडावी. आणि तिकडे निघालेच, तर स्टीफन हिस्लॉप यांची ओळख करून घेतल्याशिवाय परतू नये.

नागपुरात हिस्लॉप हे नाव माहीत नाही असा माणूस विरळा. 1883 साली सुरू झालेले हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. पण कॉलेजच्या नावामागचा माणूस दगडांच्या मागे किती हिंडला होता, हे तिथे शिकलेल्यांपैकी किती जण सांगू शकतील, याची मला शंका आहे.

हिस्लॉप यांचा जन्म 1817 सालचा, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. योगायोग असा, की आधुनिक भूशास्त्राचा पाया घालणाऱ्या जेम्स हटन यांची शेती याच परिसरात होती. नद्या माती वाहून नेतात, ती समुद्रात बसते, तिचा खडक होतो, तो वर उचलला जातो आणि पुन्हा झिजतो, हे रहाटगाडगे हटन यांनी त्या मुलखात ओळखले होते. हिस्लॉप धर्मोपदेशक झाले, 1844 च्या अखेरीस मुंबईत उतरले आणि 1845 मध्ये नागपूरला पोचले. तेव्हा तिथे भोसल्यांचे राज्य होते. मराठी शिकणे, शाळा चालवणे, गावोगाव प्रवचनाला जाणे हा त्यांचा दिनक्रम. दगड गोळा करण्याचे काम या दौऱ्यांच्या वाटेवरच झाले.

नागपूरची जागाच मोठी नामी. पश्चिमेकडून आलेला आपला काळा कातळ तिथे संपत येतो. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. कामठीकडे गेले की दगडाचा रंग आणि पोत दोन्ही बदलतात. तो पिवळसर, तांबूस वालुकाश्म. हातात घेऊन बोट फिरवले तर वाळूचे कण खरखरीत लागतात. भिंगाखाली कण घासून गोल झालेले दिसतात. ते कण सिलिका, लोह किंवा चुन्याने एकमेकांना चिकटलेले असतात. नदीचा वेग मंदावला की आधी जाड वाळू बसते, मग बारीक, आणि अगदी स्थिर पाण्यात चिखल. म्हणून कणांच्या आकारावरून त्या जुन्या नदीचा जोर सांगता येतो. चुनखडक असेल तर लिंबाचा रस टाकून पाहावा, बुडबुडे येतात. (वाघोलीच्या खडकातल्या पांढऱ्या कॅल्साइटवरही येतात, तेव्हा एवढ्या एकाच परीक्षेवर विसंबू नये.)

सिलेवाडा येथील वालुकाश्माच्या खाणींत हिस्लॉप यांना पानांचे ठसे मिळाले. लांबट, जिभेच्या आकाराचे पान, मधोमध शीर आणि तिच्या बाजूंना जाळे. हेच ते ग्लॉसोप्टेरिस. अशीच पाने बंगालच्या कोळशाजवळ आणि ऑस्ट्रेलियातही सापडली होती. पुढे 1912 साली स्कॉटच्या तुकडीला ती अंटार्क्टिकावरही मिळाली. पाण्याने तोडलेल्या या सर्व भूमी एकेकाळी जोडलेल्या होत्या, याचा हा भक्कम पुरावा ठरला.

माझ्या दृष्टीने मात्र त्यांचे सर्वांत मोलाचे काम 1851 सालचे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह ते नागपूरच्या पश्चिमेला टाकळीकडे जात. (हे हंटर पुढे मोठा इंग्रजी विश्वकोशीय शब्दकोश करणारे.) तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये त्यांना एक पातळ, वेगळाच थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, माशांचे खवले, फळे, बिया, इतकेच काय, भुंग्यांच्या पंखांची कवचेही होती. म्हणजे लाव्हाचा एक लोंढा थिजल्यावर पुढचा येईपर्यंत मधे तळे साचायला, झाडे वाढायला आणि कीटक त्या तळ्यात पडायला पुरेसा काळ गेला होता. सगळा कातळ एका दमात ओतला गेलेला नाही, हे त्या वीतभर गाळाने सांगितले. त्या शंखांवरून हिस्लॉप यांनी काळ्या कातळाचे वय ठरवले. ते आजच्या मानाने अलीकडचे निघाले. आता मुख्य उद्रेक सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे मानतात. पण वय शोधायचे तर लाव्हाच्या पोटात अडकलेल्या गाळात शोधावे, ही वाट बरोबर होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा येथून त्यांनी प्रचंड सरड्यांसारख्या प्राण्यांची हाडे आणि दगड झालेली विष्ठाही आणली. त्याच गावच्या तसल्या विष्ठेत 2005 साली शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण दिसले आणि डायनोसॉरांच्या काळात गवत होते, हे कळले!

एका धर्मोपदेशकाला सृष्टीचे वय इतके वाढवताना जड गेले नसेल का? त्यांनी दोन्ही कामे अखेरपर्यंत सोडली नाहीत, एवढे खरे. दगडांबरोबर ते गोंड लोकांत फिरले, त्यांची भाषा आणि लिंगोची गाणी टिपून ठेवली.

सप्टेंबर 1863 मध्ये सर रिचर्ड टेम्पल यांच्यासह ते टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे उकरून पाहायला गेले. 4 तारखेच्या संध्याकाळी बोरीच्या मुक्कामाकडे घोड्यावरून एकटेच निघाले. पावसाने ओढा फुगला होता. घोडा मोकळाच परतला. शोध घेता हिस्लॉप यांचा देह पाण्यात सापडला. सेहेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला चार दिवस उरले होते.

त्यांची गोंडांविषयीची टिपणे टेम्पल यांनी 1866 साली छापून काढली. 1872 च्या सुमारास मेडलिकॉट यांनी कोळशाच्या त्या गाळखडकांना नाव दिले ते गोंडांच्या भूमीवरूनच, गोंडवन. नागपूरजवळच्या एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट आणि तळ्यातल्या एका चिमुकल्या प्राण्याला हिस्लोपिया ही नावे तर ते हयात असतानाच मिळाली होती.