अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, ते डॉ. पंजाबराव देशमुख कोण होते?

बुलढाण्यातील शेतकरी सोयाबीनच्या नव्या वाणाची चौकशी करतो, तेव्हा अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नाव हमखास निघते. हे पंजाबराव कोण?

शिक्षण कुठे झाले?
27 डिसेंबर 1898 रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ गावी शेतकरी कुटुंबात जन्म. एडिनबरो आणि ऑक्सफर्डमध्ये शिकले. वैदिक वाङ्मयातील धर्मावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली, बॅरिस्टरही झाले.

परतल्यावर काय केले?
1932 मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारली. खेड्यातील मुलांसाठी शाळा, वसतिगृहे, महाविद्यालये निघाली. चिखलीतही संस्थेचे महाविद्यालय आहे. 1952 पासून केंद्रात कृषी खाते सांभाळले.

विद्यापीठ त्यांनी पाहिले का?
नाही. 10 एप्रिल 1965 रोजी त्यांचे निधन झाले. विदर्भात कृषी विद्यापीठ हवे म्हणून 1967 मध्ये आंदोलन पेटले, त्यात जीवही गेले. अखेर 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यात विद्यापीठ स्थापन झाले.

आज महत्त्व काय?
विदर्भाची शेती बहुतांश कोरडवाहू. इथल्या मातीत, इथल्या पावसात तपासलेले वाणच शेतकऱ्याच्या कामाचे. त्यासाठी शेती जाणणारे संशोधक इथेच घडायला हवेत. पंजाबरावांनी त्याची सुरुवात खेड्यातल्या शाळेपासून केली होती.