लुई नेएल : चुंबकाचा कण किती लहान झाला की 'विसरतो'?

जालना जिल्ह्यात कुठेही विहीर खणा, खाली काळा पाषाण लागतोच. हा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तो थंड होताना पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ज्या दिशेला होतं, ती दिशा त्यातल्या मॅग्नेटाइटसारख्या बारीक कणांत अजून शिल्लक आहे. मी जालन्याचा, काम सॉफ्टवेअरचं. पण इतका जुना बॅकअप मी कुठल्याच सर्व्हरवर पाहिलेला नाही! तो टिकतो कसा, हे गणित मांडलं लुई नेएल यांनी.

युद्ध आणि जहाजं

नेएल यांचा जन्म २२ नोव्हेंबर १९०४ चा, फ्रान्समधल्या लिऑनचा. पॅरिसला शिकून ते स्ट्रासबर्गला पिएर वाईस यांच्या प्रयोगशाळेत गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने समुद्रात चुंबकीय सुरुंग पेरले. पोलादी जहाज जवळ आलं की त्याच्या चुंबकत्वाने सुरुंग फुटायचा. नेएल यांनी जहाजांना मुद्दाम उलट दिशेचं चुंबकत्व दिलं, म्हणजे सुरुंगाला जहाजाचा पत्ताच लागू नये. १९४० मध्ये स्ट्रासबर्ग जर्मनांच्या हाती गेलं आणि नेएल ग्रेनोबलला स्थायिक झाले.

फेराइटचं कोडं

१९४८ मध्ये त्यांनी फेराइटचं कोडं सोडवलं. फेराइटमध्ये अणूंचे दोन गट एकमेकांविरुद्ध ओढतात, पण दोघांची ताकद सारखी नसते. वजाबाकी करून जे उरतं, तेच आपल्याला जाणवणारं चुंबकत्व.

साइज बदलली की काय होतं?

१९४९ मध्ये ते भाजलेल्या मातीतल्या बारीक कणांकडे वळले. उष्णतेमुळे कणाची चुंबकीय दिशा पलटू पाहते. तिला अडवणारी भिंत कणाच्या घनफळावर ठरते. समजा, एक कण २० मायक्रोसेकंदांत दिशा विसरतो. त्याचा व्यास फक्त दुप्पट करा. घनफळ आठपट होतं, भिंतही आठपट. आता विसरायला लागणारा वेळ विश्वाच्या वयापेक्षाही जास्त! मॅग्नेटाइटचा कण साधारण २०-३० नॅनोमीटरच्या खाली गेला की नेहमीच्या तापमानाला दिशा धरून ठेवत नाही. उलट कण फार मोठा झाला, की त्याच्या आतच वेगवेगळ्या दिशांचे तुकडे पडतात आणि पकड पुन्हा सैल होते. म्हणजे मधली साइजच सगळ्यात हट्टी.

तुमच्या फोनशी संबंध?

तुम्ही क्लाउडवर टाकलेले फोटो बऱ्याचदा डेटा सेंटरच्या हार्ड डिस्कवर असतात. तिथले कण फेराइटचे नसतात, पण नियम हाच. जास्त डेटा बसवायला कण लहान करावे लागतात आणि फार लहान केले तर फोटोच पुसले जातील. एमआरआयच्या काही औषधांत मात्र मुद्दाम असे 'विसराळू' लोहकण वापरतात, कारण चुंबकीय क्षेत्र काढल्यावर ते एकमेकांना चिकटून राहत नाहीत.

नेएल यांना १९७० चं भौतिकशास्त्राचं नोबेल हान्नेस आल्फवेन यांच्यासोबत मिळालं. १७ नोव्हेंबर २००० रोजी ते गेले. डिस्कमधले कण किती लहान करता येतील, याला आजही त्यांचाच नियम लागू होतो.