प्रतापगडची भेट

शिवछत्रपतींचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवनेरीवर झाला. विजापूर दरबाराने अफझलखानास त्यांच्यावर धाडले, तेव्हा ते अवघे एकोणतीस वर्षांचे होते. खानाचा अंतस्थ हेतू त्यांनी वकील पंताजी गोपीनाथ यांच्याकरवी आधीच काढून घेतला होता. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखालील शामियान्यात महाराज गेले ते अंगात चिलखत, मंदिलाखाली टोप आणि हाती वाघनख व बिचवा अशा सिद्धतेने. सभासद बखरीनुसार, आलिंगनाच्या मिषाने खानाने त्यांची मान काखेत दाबून कुशीत जमदाड चालविली; परंतु चिलखतामुळे अंगास इजा झाली नाही. मिठीत सापडलेल्यास मागे हटण्यास जागा नसते. महाराजांनी तत्क्षणी डाव्या हातातील वाघनख खानाच्या पोटात चालविले, उजव्या हाताने बिचवा मारला आणि मान सोडवून घेतली. पाठोपाठ चालून आलेल्या सय्यद बंडास जिवा महालाने रोखले.

पुढे १६७४ मध्ये रायगडी राज्याभिषेक झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. त्या दिवशी मनगटाच्या बळाइतकीच पूर्वसावधता व विश्वासू सोबती कामी आले. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना ही कथा सांगताना वाघनखाबरोबर चिलखताचाही महिमा अवश्य सांगावा.