चिठ्ठी न देणारा काका

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अण्णा मला घेऊन तालुक्याच्या गावी गेले. आईचे एक मावसभाऊ तिथे साहेब आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. थोरल्या भावाला कुठेतरी शिपायाची जागा मिळावी म्हणून त्यांची एक चिठ्ठी हवी होती, एवढेच. मामांनी चहा पाजला, आईची चौकशी केली, पण चिठ्ठी दिली नाही. जाहिरात येईल तेव्हा रीतसर अर्ज करायला सांगितले. शेंगांची पिशवी जशी नेली तशीच परत आली. एस.टी.त अण्णा एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र म्हणाले की, खुर्ची मिळाली की माणूस नाती विसरतो. मलाही ते पटले.

सुट्टीनंतर इतिहासाच्या ट्यूटोरियलसाठी माझ्या वाट्याला जॉर्ज वॉशिंग्टन आला. कुऱ्हाड आणि चेरीच्या झाडाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. ती त्याच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने रचली, हे मला ग्रंथालयात कळले. पण ज्या गोष्टी खऱ्या होत्या, त्या वाचताना मला सारखी ती शेंगांची पिशवी आठवत होती.

वॉशिंग्टनचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियात झाला. अकरा वर्षांचा असताना वडील वारले. कॉलेजचे तोंड त्याने कधीच पाहिले नाही. आधार होता तो सावत्र थोरला भाऊ लॉरेन्स याचा. लॉरेन्सचे लग्न १७४३ मध्ये शेजारच्या फेअरफॅक्स घराण्यातील मुलीशी झाले होते आणि लाखो एकर जमीन त्या घराण्याच्या ताब्यात होती. तेव्हा सोळाव्या वर्षी जॉर्जला त्यांच्या जमिनीच्या मोजणीवर जायला मिळाले आणि १७४९ मध्ये, सतराव्या वर्षी, तो कलपेपर काउंटीचा मोजणीदार झाला. एरवी अशी जागा कोवळ्या पोराला मिळणारी नव्हती. पुढे १७५२ मध्ये लॉरेन्स वारला. तो व्हर्जिनियाच्या नागरी पलटणींच्या कवायतीवरचा अधिकारी होता. त्या कामातला वाटा मिळावा म्हणून जॉर्जने गव्हर्नर डिनविडी यांच्याकडे खटपट केली आणि वीस वर्षांचा, लढाई न पाहिलेला हा तरुण वर्षाला शंभर पौंड पगारावर मेजर झाला!

म्हणजे वशिला नाही तर काय? हे वाचून मला जरा वाईटच वाटले. थोर पुरुषाची सुरुवात आपल्याला निराळी हवी असते.

पण वशिल्याची दुसरी बाजूही त्याने पाहिली. त्याला इंग्लंडच्या राजाच्या सैन्यात कायमची नेमणूक हवी होती. त्यासाठी १७५६ च्या ऐन हिवाळ्यात तो घोड्यावरून बोस्टनला सेनापती शर्ली यांच्या भेटीस गेला. १७५७ मध्ये फिलाडेल्फियाला लॉर्ड लाउडन यांच्या दारी गेला. तिथे फेअरफॅक्सांचे नाव पुरले नाही आणि ती नेमणूक त्याला कधीच मिळाली नाही. मोठ्या माणसाच्या दारातून हात हलवीत परत येणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते.

स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास आपण क्रमिक पुस्तकात वाचतो, म्हणून तो इथे सांगत नाही. ३० एप्रिल १७८९ रोजी न्यू यॉर्क येथे वॉशिंग्टनने पहिला राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेतली. नव्या सरकारला माणसे हवी होती. न्यायाधीश, सरकारी वकील, बंदराबंदरांवर जकात वसूल करणारे अधिकारी. शपथेच्या आधीपासूनच अर्जांचा पाऊस सुरू झाला होता. युद्धात बरोबर लढलेले, कर्जात बुडालेले, जुन्या मित्रांच्या विधवा, ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे! वॉशिंग्टनने स्वतःशी एक नियम बांधून घेतला होता. कोणालाही आधी शब्द द्यायचा नाही. माणसाची लायकी, त्याने पूर्वी केलेली सेवा आणि निरनिराळ्या राज्यांना मिळणारा न्याय्य वाटा, एवढेच पाहायचे.

या नियमाची परीक्षा घरातूनच झाली. बुशरॉड हा त्याच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याच्यावर वॉशिंग्टनचा फार जीव. फिलाडेल्फियाचे नामांकित वकील जेम्स विल्सन यांच्याकडे त्याला कायदा शिकायला ठेवले ते काकानेच, आणि फीचा भारही काकानेच उचलला. या पुतण्याने व्हर्जिनियातील सरकारी वकिलाची जागा मागितली. जुलै १७८९ मध्ये काकाचे उत्तर गेले. तुझ्याहून जुने आणि नावाजलेले वकील असताना तुला नेमता येणार नाही, सगळ्या जगाचे डोळे माझ्यावर आहेत, असा त्याचा आशय होता. ती जागा जॉन मार्शल यांना देऊ केली गेली. त्यांनी ती घेतली नाही, तरीही ती बुशरॉडकडे आली नाही.

पुढच्याच महिन्यात वॉशिंग्टनला स्वतःलाही धडा मिळाला. बंदरांवरच्या सुमारे शंभर नेमणुका त्याने सिनेटपुढे मांडल्या. त्यांतील सव्हाना बंदराच्या जागेसाठी सुचवलेले बेंजामिन फिशबोर्न यांचे नाव सिनेटने ५ ऑगस्टला फेटाळले. हा युद्धातला ओळखीचा अधिकारी होता. वॉशिंग्टन दुखावला, पण अडून बसला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याने फिशबोर्नची कामगिरी आणि त्याने भूषवलेली पदे लेखी कळवली आणि त्या जागेसाठी दुसरे नाव दिले. आपल्या माहितीतला माणूस आहे, एवढे राष्ट्राध्यक्षालाही पुरेसे नव्हते. कारणे द्यावी लागली.

तरी मी त्याला देव मानत नाही. त्याचे युद्धमंत्री नॉक्स हे जुने मित्र, अर्थमंत्री हॅमिल्टन हे युद्धातले मदतनीस, बोस्टनच्या जकातीवर नेमलेले लिंकन हे जुने सेनापती. ते लायक होते यात शंका नाही. पण ज्याचे नाव वॉशिंग्टनच्या कानापर्यंत पोहोचलेच नाही, त्या कोऱ्या घरच्या मुलाची लायकी त्याला कोण सांगणार? त्याच्या स्वतःच्या मळ्यावरच्या गुलामांचा तर अर्जदारांत प्रश्नच नव्हता. ओळखीवाचून परीक्षेच्या जोरावर नोकरी मिळावी, असा अमेरिकेतला कायदा १८८३ मध्ये झाला. त्याआधी १८८१ मध्ये, जागा न मिळाल्याने खवळलेल्या एका अर्जदाराने राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यात त्यांचा अंत झाला.

बुशरॉडचे पुढे काय झाले? काकाने पद सोडल्यावर, १७९८ मध्ये, दुसरे राष्ट्राध्यक्ष अ‍ॅडम्स यांनी त्याला सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश नेमले. जागा रिकामी झाली होती ती त्याचे गुरू विल्सन यांच्या निधनाने. या वेळीही आधी विचारणा झाली ती मार्शल यांना. वॉशिंग्टन या आडनावाचे वजन तिथे पडले नसेल असे मी म्हणणार नाही, पण तो त्या जागेवर मरेपर्यंत, १८२९ पर्यंत, टिकला. वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी वारला. मृत्युपत्रात त्याने आपले राहते घर माउंट व्हर्नन, पत्नीच्या पश्चात, याच पुतण्याच्या नावे केले.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. काकाने पुतण्याला फी दिली, घर दिले. जे स्वतःचे होते ते सगळे दिले. जे स्वतःचे नव्हते तेवढेच दिले नाही.

मामांनी माझ्या भावाला चिठ्ठी दिली नाही; पण आठवीपासून माझी पुस्तके त्यांच्याकडूनच येतात, हे मी विसरलो होतो. अण्णांना हे सांगितले. ते काही बोलले नाहीत. त्यांचेही चुकले असे मला म्हणवत नाही. ज्याला सगळ्या आयुष्यात कुठलेच दार अर्जाने उघडलेले दिसले नाही, तो ओळखीचे दार ठोठावणारच.

भावाने आता अर्ज केला आहे. आणि मी मनाला विचारतो आहे, उद्या मला खुर्ची मिळाली आणि हाच भाऊ पिशवी घेऊन दारात आला, तर? उत्तर अजून सापडलेले नाही.