जंतूंची मोजदाद करणारा वैद्य : रॉबर्ट कॉख

उकडलेल्या बटाट्याची चकती उघडी राहिली आणि दोन-तीन दिवसांनी तिच्यावर रंगीत ठिपके उमटले, तर कोणतीही गृहिणी ती टाकून देईल. रॉबर्ट कॉख यांनी मात्र ते ठिपके निरखून पाहिले आणि वैद्यकशास्त्राला नवी वाट सापडली. आम्ही भाषेचे अध्यापक. सूक्ष्मदर्शकाशी आमचा परिचय बेताचाच. तथापि हे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी वाचावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्थाल या खाणींच्या गावी झाला. वैद्यकीचे शिक्षण संपवून ते वोलश्टाइन या आडगावी सरकारी वैद्य झाले. तेथे प्रयोगशाळा कोठून असणार! रोगी तपासण्याच्या खोलीतच एक भाग पडद्याने वेगळा करून त्यांनी आपले काम चालविले. गुरांच्या फाशी रोगाचे मूळ एका विशिष्ट जंतूत आहे, हे १८७६ साली त्यांनी तेथूनच सिद्ध केले.

द्रवात वाढविलेले नाना जातींचे जंतू एकमेकांत मिसळून जात. बटाट्याच्या घट्ट पृष्ठभागावर मात्र जंतू पडेल तेथेच त्याची संतती वाढते आणि नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत होते. एक ठिपका म्हणजे एक कुळ! पुढे बटाट्याऐवजी जिलेटिन आले. ते उष्णतेने वितळे. तेव्हा त्यांचे सहकारी हेसे यांच्या पत्नी फॅनी यांनी आपल्या स्वयंपाकघरातील आगर सुचविले. १८८७ साली पेट्री या साहाय्यकाने झाकणाची काचेची बशी योजिली.

२४ मार्च १८८२ रोजी कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला. १८८४ साली कलकत्त्याच्या एका तलावात त्यांना पटकीचे जंतू आढळले. १८९२ साली हाम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांवर माणसे दगावली. शेजारचे आल्टोना त्याच नदीचे, किंबहुना अधिक घाण पाणी पीत असूनही बरेचसे बचावले; कारण तेथे पाणी वाळूतून गाळले जाई. गाळलेल्या पाण्याच्या एका घनसेंटिमीटरमधून शंभराहून अधिक वसाहती उगवू नयेत, असा दंडक कॉख यांनी घालून दिला. ठिपक्यांच्या मोजणीवर आता नगरांचे आरोग्य अवलंबून राहिले.

अशा काटेकोर पुरुषाचाही एकदा तोल गेला. १८९० साली पुरेसा पुरावा हाती येण्यापूर्वीच त्यांनी क्षयावर औषध सापडल्याचे जाहीर केले. दूरदूरचे रोगी आशेने बर्लिनला धावले. बहुतेकांची घोर निराशा झाली, काही मरणही पावले. तोच पदार्थ पुढे क्षयाच्या निदानास उपयोगी पडला; परंतु उतावीळपणाचा डाग राहिलाच. १९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले आणि २७ मे १९१० रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगाच्या बशीतील ठिपके मोजताना झाकण उघडू नका; आणि संख्या जी भरेल तीच वहीत लिहा, मनात योजलेली नव्हे. कॉख यांचे यश आणि अपयश दोन्ही आपणांस हेच शिकवितात.