भाषापंडित याकोब ग्रिम

ग्रिम बंधूंच्या परीकथा ज्याच्या कानीं पडल्या नाहींत असा विद्यार्थी आमच्या वाचकांत क्वचितच सांपडेल. परंतु त्या बंधूंपैकीं वडील जे याकोब, त्यांनीं आपल्या विखुरलेल्या देशबांधवांस स्वतःचें मूळ कसें दाखवून दिलें, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. म्हणून त्यांचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

याकोब यांचा जन्म ४ जानेवारी १७८५ रोजीं हानाउ या गांवीं झाला. वडील न्यायाधिकारी होते. ते १७९६ सालीं वारले, आणि विधवा माता व पांच धाकटीं भावंडें यांची काळजी अकरा वर्षांच्या याकोबवर येऊन पडली. मावशीच्या आधारानें कासेल येथें शिकून १८०२ सालीं त्यांनीं मारबुर्ग विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास आरंभिला. कायद्याचें मर्म त्याच्या इतिहासांत शोधावें, ही दृष्टि तेथें त्यांस साव्हिन्यी या गुरूंपासून लाभली.

त्या काळीं जर्मनी नांवाचें एक राज्य नव्हतेंच. होतीं तीं लहानमोठीं अनेक संस्थानें. त्यांना बांधणारें जुनें साम्राज्यही १८०६ सालीं नेपोलियनच्या आघातानें मोडलें, व कासेल येथें त्याचा भाऊ राजा होऊन बसला. त्याच राजाच्या पदरीं याकोब यांस १८०८ सालीं ग्रंथपालाची चाकरी पत्करावी लागली. मग आपलें राष्ट्र तें कोणतें? याचें उत्तर त्यांनीं भाषेंत शोधिलें. 'डॉइच' हें नांव कोणा राजाचें नव्हे कीं प्रदेशाचें नव्हे. तें ज्या जुन्या शब्दापासून आलें, त्याचा अर्थ लोकांचें, आपण प्राकृत म्हणतों तसें. आठव्या शतकांत विद्वानांच्या लॅटिनहून निराळ्या अशा सामान्य जनांच्या बोलीस तो शब्द लावीत. म्हणजे प्रथम बोलीस नांव मिळालें, मागाहून तें बोलणाऱ्यांस.

१८१२ सालीं बंधु विल्हेल्म यांच्यासह त्यांनीं लोककथांचा पहिला भाग छापला. पुढें १८१९ पासून त्यांचें जर्मन व्याकरण निघूं लागलें. वर्णांचे पालट यदृच्छेनें न होतां नियमानें होतात, हें त्यांनीं १८२२ च्या आवृत्तींत सिद्ध केलें. डेन्मार्कच्या रास्क या पंडितांनीं ही वाट आधीं दाखविली होती. ग्रिम यांनीं तिला सुसूत्र रूप दिलें. इंग्रजी ही जर्मनच्याच कुळांतील भाषा. पितृ आणि फादर, पाद आणि फुट, दश आणि टेन हे शब्द शेजारीं ठेवून पाहावे, म्हणजे नियमही कळतो आणि आपल्या भाषांचें दूरचें नातेंही दिसतें.

१८३७ सालीं हानोव्हरच्या राजानें राज्यघटना रद्द केली. घटनेशीं घेतलेली शपथ मोडण्यास ग्योटिंगेनच्या ज्या सात प्राध्यापकांनीं नकार दिला, त्यांत हे दोघे बंधु होते. सातही जण बडतर्फ झाले, आणि याकोब यांस तीन दिवसांत राज्य सोडावें लागलें. १८४८ च्या फ्रांकफुर्ट येथील राष्ट्रसभेंत, जर्मन भूमीवर पाऊल ठेवणारा परका गुलामही स्वतंत्र व्हावा, असा ठराव त्यांनीं मांडला. तो थोड्या मतांनीं फेंटाळला गेला. मात्र त्याच सभेंत श्लेस्विग प्रांतासाठीं डेन्मार्कशीं युद्ध चालूं ठेवण्याचा पक्षही त्यांनीं घेतला, हें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. स्वभाषेवरील प्रेम परक्याच्या भूमीवर हक्क सांगूं लागलें, म्हणजे थोरांचाही तोल जातो. आणि त्या अभिमानाचा अतिरेक किती घोर असतो, हें विसाव्या शतकांत जगानें पाहिलें.

लूथरपासून ग्योटेपर्यंतच्या भाषेचा कोश हें बंधूंचें शेवटचें कार्य. त्याचा पहिला खंड १८५४ सालीं निघाला. १८५९ सालीं विल्हेल्म गेले. २० सप्टेंबर १८६३ रोजीं बर्लिन येथें याकोब यांनीं देह ठेविला, तेव्हां फळ या अर्थाच्या शब्दाची नोंद अपुरीच राहिली होती. १८७१ सालचें एक राज्य त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. पुढें दुसऱ्या महायुद्धानंतर तें राज्यही दुभंगलें. परंतु दोन्हीं भागांतील पंडितांनीं मिळून १९६१ सालीं तो कोश ३२ खंडांत पुरा केला.

आमच्या विद्यार्थिबंधुभगिनींनीं यांतून एवढेंच घ्यावें, कीं आजीच्या तोंडचा साधा शब्दही अभ्यासास योग्य आहे, आणि दिलेल्या शब्दासाठीं नोकरी सोडावी लागली, तरी ती सोडण्यांत कमीपणा नाहीं.